आख्यानातला डिपोटी

या, असे पुढे सरका. उंबऱ्यापाशी बसून गोष्ट ऐकू नये, निम्मी चपलांच्या आवाजात जाते. आज मी तुम्हाला एका मास्तराची गोष्ट सांगणार आहे. देवाची नाही, पण देवळात घडलेली. सांगताना माझा आवाज चढला तर मनावर घेऊ नका. इतकी वर्षं झाली, पण हे प्रकरण आठवलं की मला अजून शांत बसवत नाही.

मी तेव्हा लोणावळ्याच्या मराठी शाळेत दुसरीचा वर्ग घेत होतो आणि कीर्तनात बुवांच्या मागे झांज धरत होतो. यातलं तुमचं खरं काम कोणतं, असं कुणी विचारलं असतं तर माझं उत्तर शाळाखात्याला आवडलं नसतं.

मावळातल्या प्राथमिक शिक्षकांचा आमचा एक संघ होता. त्याचे चिटणीस फकरुद्दीन मास्तर. वलवणच्या शाळेचे हेडमास्तर, वडिलांचं बाजारात कंदील आणि काचा विकायचं दुकान. मुंबईत नवं मंत्रिमंडळ आल्यापासून शिक्षणाचा कायदा सारखा हलत होता. आज एक नियम, पुढच्या महिन्यात त्यात दुरुस्ती. फकरुद्दीन मास्तर सुट्टीच्या दिवशी गाडीनं पुण्याला जात, स्कूल बोर्डाच्या कचेरीत बाकावर बसत, कारकुनाला नको होईपर्यंत विचारत, आणि कुणाला बढती मिळेल, कुणाची बदली होईल, कोणत्या परीक्षेला बसावं, हे सगळं आमच्यासाठी घेऊन येत. आणलेलं ऐकून मात्र कुणी घ्यायचं नाही.

खोटं सांगत नाही. संघाची सभा म्हणजे आधी स्वागत, मग हार, मग अध्यक्षांचं भाषण. अध्यक्ष हौशीराम गुरुजी पेन्शनीत गेलेले. त्यांना गळ्यात हार पडल्याशिवाय शब्द फुटत नसे आणि पडल्यावर आवरत नसे. कायद्याची माहिती सगळ्यात शेवटी. तोवर गाडीची वेळ व्हायची, तळेगाव-वडगावकडचे मास्तर उठायचे, डोंगरावरचे त्यांच्याआधीच उठलेले असायचे. फकरुद्दीन मास्तर रिकाम्या सतरंजीला नियम वाचून दाखवायचे. मी एकटा समोर, आणि माझंही लक्ष संध्याकाळच्या कीर्तनाकडे.

त्या वर्षी चैत्रात त्यांनी जी बातमी आणली ती साधी नव्हती. ट्रेनिंग न झालेल्या प्रत्येक मास्तरानं एप्रिल संपायच्या आत स्वतः पुण्याला जाऊन ट्रेनिंगसाठी नाव द्यायचं. देतील त्यांना पाळीपाळीनं कॉलेजात पाठवणार. न देतील त्यांना जूनपासून काढणार.

आमच्यात असे बरेच होते, पण फकरुद्दीन मास्तरांना काळजी होती ती कान्हूची. कुसगावच्या वरच्या अंगाला डोंगरात ठाकरांची वाडी आहे, तिथली एकशिक्षकी शाळा तो चालवायचा. त्या वाडीतून सातवीची फायनल पास झालेला तो पहिलाच. त्याच्याआधी बोर्डानं तिथं जे मास्तर पाठवले ते चढ बघूनच आजारी पडले. कान्हूची नोकरी गेली तर शाळा जाणार, हे सांगायला जोशी लागत नव्हता.

"भाऊ," फकरुद्दीन मास्तर मला म्हणाले, "सभेला जे लोक अर्धी घटका टिकत नाहीत ते कीर्तनाला तीन तास मांडी मोडत नाहीत. हे कसं?"

मी म्हटलं, कीर्तनात रस असतो.

"मग नियमात रस घालू."

रामनवमीचा उत्सव चालू होता. बाजारातल्या देवळात रोज तिसऱ्या प्रहरी कीर्तन, म्हणजे डोंगरातल्या लोकांना उजेडात परतता येई. आख्यानाला अंबाजीबुवा आले होते. काय गळा, काय वाणी. बुवा उभे राहिले की देऊळ आपोआप गप्प व्हायचं. फकरुद्दीन मास्तर स्वतः दर वर्षी येत, खांबाला टेकून बसत, आणि बुवा त्यांच्याकडे बघून एखादी ओळ मुद्दाम पुन्हा म्हणत. आम्ही दोघं बिऱ्हाडी जाऊन बुवांना भेटलो. मास्तरांनी नियम तीनदा समजावला. बुवांनी डोळे मिटून ऐकला आणि उद्याच्या कीर्तनात गुंफतो म्हणून शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी देऊळ मास्तरांनी भरलं होतं. कान्हू अगदी पुढे, माझ्या समोर. पूर्वरंगात बुवांनी गुरूचं महत्त्व सांगितलं आणि म्हणाले, गुरूलाही गुरू करावा लागतो, म्हणून सरकारनं मास्तरांना पुण्याला बोलावलं आहे, एप्रिल सरायच्या आत नाव द्यायचं आहे. इतकं चोख. फकरुद्दीन मास्तरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मध्यंतरात बुवांना हार घातला, बुक्का लागला, आणि बुवांनी आख्यान लावलं.

आख्यान त्यांनी आमच्यासाठीच रचलं होतं. रानात एक गरीब भक्त मुलं शिकवतो. खालच्या गावांतले सगळे पंतोजी राजाच्या दरबारी नाव द्यायला जातात. हा जाऊ शकत नाही, कारण हा गेला तर मुलांना कोण बघणार? तो मुलांना घेऊन बसून राहतो. मग देवच येतो. काय होऊन येतो? डिपोटी, शाळा तपासणारा साहेब होऊन. डोक्याला फेटा, हातात छडी, मागे शिपाई. शाळा तपासतो, फळ्यावर बोट फिरवतो, मुलांना पाढे विचारतो, आणि भक्ताचं नाव तिथल्या तिथं स्वतःच्या हातानं लिहून घेतो.

अहो, देऊळ रडलं. माझी झांज ओली झाली. कान्हू दोन्ही हात जोडून बसला होता आणि मान डोलावत होता.

नाव दिलं नाही तर नोकरी जाईल, हे वाक्य मात्र बुवांनी उच्चारलंच नाही. फकरुद्दीन मास्तर ते सांगायला खांबापासून उठले, तोंड उघडलं, आणि आरतीची घंटा वाजली. आरती सुरू झाल्यावर कोण कुणाचं ऐकतो? ताट फिरलं, प्रसाद झाला, डोंगराची माणसं उजेड आहे तोवर निघून गेली.

मास्तर बुवांकडे गेले. पुण्याला जायचं आणि मुदतीचं सांगितलंत, नोकरी जाईल ही तिसरी गोष्ट राहिली, म्हणाले.

बुवा घाम पुसत होते. "मास्तर, पुढ्यात रामाचा पाळणा बांधलेला. तिथं उभं राहून मी कुणाची नोकरी घालवू?"

आख्यानाचा शेवट गोडच करावा लागतो, हे मलाही ठाऊक आणि मास्तरांनाही. भक्ताला बुडवून कोणी कीर्तन संपवत नाही.

निदान नाव देण्याचं तरी सगळ्यांना कळलं, असं म्हणून मास्तरांनी समाधान करून घेतलं. पण कीर्तनाला न आलेले होतेच. ते सगळे दिवस मास्तर शाळा सुटल्यावर गावोगाव फिरले. कुणी म्हणालं, बघू. कुणी म्हणालं, असले नियम येतात नि जातात. एकानं विचारलं, चिटणीस म्हणून तुम्हाला बोर्डाकडून काही मिळतं का. हे ऐकून आले त्या दिवशी ते माझ्याकडे चहा प्यायले आणि पुढच्या गावाला निघाले. कान्हूकडे जायचं त्यांनी शेवटी ठेवलं, कारण त्यानं पुढे बसून, मान डोलावून ऐकलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी, सहज चौकशी म्हणून, आम्ही दोघं चढून वाडीवर गेलो. शाळा चुन्यानं पांढरी झाली होती. दाराला आंब्याचं तोरण. मुलं धुतलेल्या कपड्यांत ओळीनं बसलेली. कान्हू फेटा बांधून उभा, आणि त्याची बायको हिरी आंगण सारवून दमलेली.

हिरीनं आम्हाला पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हेच का तुमचं सायब? ह्यांच्या पायात तर वाहाणाबी फाटल्यात."

कान्हू गोंधळला. मास्तरांनी विचारलं, पुण्याला नाव देऊन आलास ना?

"न्हाई मास्तर. खालच्यांनी जायाचं, डोंगरातल्या शाळंवर डिपोटी सोता येनार. बुवांनी सांगितलं न्हवं का? आमी रामनवमीपास्नं वाट बघतोय. पोरं पाढ्यात एकदम तयार हाईत."

हसू नका. तो खुळा नव्हता. त्यानं कायदा आणि आख्यान एकाच तोंडून, एकाच बैठकीत ऐकलं होतं. कुठं एक संपलं आणि दुसरं सुरू झालं, हे आम्हाला ठाऊक होतं कारण आम्ही आदल्या दिवशी बिऱ्हाडी जाऊन ठरवलं होतं. त्याला कोण सांगणार?

मास्तर खाली बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं, तिसऱ्या गोष्टीसकट. कान्हूनं एकच विचारलं. "मंग बुवा खोटं बोललं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "त्यांनी देव कसा असतो ते सांगितलं. बोर्ड कसं असतं ते मी सांगायला हवं होतं. चल, ऊठ."

कान्हू तसाच फेट्यानं निघाला. आम्ही धावतच उतरलो, मिळाली ती गाडी धरली. पुण्यात पोचलो तर कचेरीला कुलूप. दुसऱ्या दिवशी कारकून म्हणाला, मुदत काल संपली. मास्तरांनी विनवलं, भांडले, संघाच्या नावानं अर्ज केला, वरच्या साहेबाच्या दारात सकाळ-दुपार उभे राहिले. साहेब सभ्य होता. म्हणाला, तुमच्या संघाचं कामच ना मास्तरांना कळवायचं? मग यांना कळवलं कसं नाही? फकरुद्दीन मास्तरांनी साहेबाला नमस्कार केला आणि आम्ही परतीची गाडी धरली.

जूनमध्ये कान्हू गेला. त्याच्या जागी ट्रेनिंग झालेला मास्तर नेमला. तो पावसात अर्ध्या चढापर्यंत आला आणि तिथूनच रजेचा अर्ज देऊन परत फिरला. शाळेच्या भिंतींवरचा नवा चुना त्याच पावसात उतरला. कान्हू रेल्वेच्या गँगवर लागला, खडी टाकायला. हिरी मला बाजारात भेटली की विचारायची, भाऊ, डिपोटी निगाला का घरनं? मी मान खाली घालून भाजी घ्यायचो.

फकरुद्दीन मास्तरांनी पुढच्या सभेपासून क्रम बदलला. कायदा आधी, हार नंतर. हौशीराम गुरुजी रुसले, पण मास्तर हटले नाहीत. आणि झालं काय? मंडळी हाराच्या वेळेलाच यायला लागली. कायदा पुन्हा सतरंजीनंच ऐकला. पांडुरंगा, तूच सांग, या लोकांना कोणत्या चालीत सांगायचं?

तरी एक झालं. पुढच्या रामनवमीला पहिल्याच रांगेत कान्हू येऊन बसला, हाताला खडीचे घट्टे. बुवांनी आख्यान लावलं, भक्ताला देव भेटला, देऊळ रडलं. कान्हूही रडला. माझ्या हातातली झांज मात्र त्या दिवशी तालात पडेना.

तुम्ही आता घरी जाल, कुठंतरी कीर्तनाला बसाल. मध्यंतरात बुवांच्या गळ्यात हार पडेल, तुमच्या कपाळी बुक्का लागेल. तेव्हा घटकाभर त्या वाडीवरच्या कान्हू मास्तराची आठवण ठेवा. शाळेला तोरण बांधून, फेटा घालून तो दारात उभा आहे, आणि पोरांचे पाढे अगदी तयार आहेत.