केवणीचा दोर

नागू मिस्त्रीनं दोराचं टोक दुहेरी केलं आणि पोशाच्या पाठीवर हाणलं. तिसऱ्या फटक्याला कातडी फुटली. पोशानं हात वर केले नाहीत. हात वर केले की मिस्त्रीला जास्त चेव येतो, हे त्याला दोन उन्हाळ्यांत कळून चुकलं होतं.

"साहेबाचा दोर पाण्यात कुजत टाकतोस व्हय रं, ठाकरा?"

"कुजत नाय, मिस्त्री. केवणीचा दोर भिजला की पाण्यातच ऱ्हायला पायजे. उन्हात घातला की कडक व्हतो. एकदा कडक झाला की परत नरम व्हत नाय. झटका बसला की तुटणार."

चौथा फटका मानेवर बसला.

"साहेबाच्या पुस्तकात लिवलंय, दोर वाळवायचा. तू साहेबाला शिकवणार?"

पुस्तकात लिहिलं होतं ते विलायती दोराबद्दल. रानातल्या केवणीच्या झुडपाची साल त्या पुस्तकानं पाहिली नव्हती, आणि पुस्तक लिहिणाऱ्यानंही नाही.

खालापूरच्या वरच्या अंगाला वीज कंपनीनं बांध घातला, तेव्हा खालची भातखाचरं बुडाली, ठाकरवाडी उचलून टेकडीवर गेली आणि मधल्या पाण्यावर साहेबाला खेळ सुचला. मुंबईहून सागवानी बोट आगगाडीनं कर्जतला आली आणि तिथून तीन बैलजोड्यांनी इथवर ओढली. तिच्या पोटात मोटारीचं इंजिन होतं. हँडल मारलं की ते आधी खोकायचं, मग असं बोंबलायचं की पलीकडच्या डोंगरातली वानरं पळायची. साहेब पायांत दोन लांब फळ्या बांधायचा, टायरच्या रबरात पाऊल अडकवायचा, दोराची मूठ धरून पाण्यात उकिडवा बसायचा. बोट सुटली की उभा राहायचा आणि पाण्यावरून धावायचा. पांगाऱ्याचे सहा ओंडके तांबडे रंगवून, दगड बांधून तळ्यात सोडले होते. त्यांच्यामधून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून असं नागमोडी जायचं. वाडीतली माणसं म्हणायची, साहेब पाण्यावर चालतो, देवच झाला. फक्त देवाला ओढायला इंजिन लागतं.

बोट नागू चालवायचा. तो भिसेगावचा, फिटरचं काम शिकलेला. पोशा मागच्या फळीवर बसायचा, तोंड साहेबाकडे. साहेब अंगठा वर करी, पोशा ओरडे, नागू इंजिन वाढवी. त्या जागेवर बसणं म्हणजे काय, ते फाल्गुनात कळलं होतं. भर वेगात विलायती दोर तुटला आणि त्याचं टोक पोशाच्या कानाजवळून असं गेलं की बोटीच्या काठाची सागवानी पट्टी चिरून निघाली. पट्टीच्या जागी डोकं असतं तर वाडीत त्या दिवशी रडारड झाली असती. नवा दोर यायला दोन महिने लागणार होते आणि चैत्रातल्या रविवारी साहेबाचे पाहुणे यायचे होते. तेव्हा पोशानं सांगितलं, मी वळतो. त्यानं आणि ठकीनं मिळून दोन्ही हात पसरून मोजलेला वीस वाव दोर वळला. ठकी त्याची बायको. तिच्या मांडीवरची कातडी साल वळून वळून घोड्याच्या खुरासारखी झालेली.

तो दोर आता नागूनं इंजिनाच्या शेडपाशी तारेच्या कुंपणावर ताणून टाकला. पोशाला सांगितलं की शेडकडे फिरकायचं नाही, दोराला शिवायचं नाही आणि उद्यापासून बोटीतही बसायचं नाही. उलटं बोलणारा माणूस साहेबाला नको.

पोशाच्या जागी नागूनं वाघ्याला घेतलं. वाघ्या पोशाचा धाकटा भाऊ. माघात लग्न झालेलं, अंगात रग, आणि थोरल्याला साहेबाच्या बोटीत बसलेलं दोन वर्षं काठावरून पाहिलेलं.

पोशानं त्याला वाडीच्या वाटेवर गाठलं.

"वाघ्या, तू त्या फळीवर बसू नको."

"का रं, दादा? तुझं नाव लिवलंय का तिच्यावर?"

"दोर वाळतोय. चार दिसांत हाडकासारका व्हईल. साहेब वळण घेताना झटका देतो, तवा तो तुटतो. आन् तुटला की मागं येतो."

"तू बसलास तवा दोर चांगला. मी बसलो की तुटतो." वाघ्या हसला, पण ते हसू तोंडातच राहिलं. "मिस्त्रीनं हाकललं तुला, त्याचं मला कशापायी बोलतोस? सरळ म्हन ना, पोटात दुखतंय."

पोशानं त्याच्या कानफटात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. वाघ्यानं गालाला हात लावला नाही. तो वाटेच्या कडेला थुंकला आणि चालू लागला.

चार दिवस ऊन असं होतं की तळ्याच्या काठचा चिखल खापरीसारखा तडकला. पोशा टेकडीवरून पाहायचा. कुंपणावर दोराची पिवळी रेघ दिसायची. पुढं जायची सोय नव्हती. शेडवरचा पहारेकरी गजा काठी घेऊन बसलेला असे. शुक्रवारी तो तरीही गेला, साहेबालाच सांगावं म्हणून. साहेब बांधावर उभा होता. पोशानं दोराकडे बोट दाखवलं, हातांनी मोडल्याची खूण केली. साहेबानं नागूकडे पाहिलं. नागू म्हणाला की याला त्याची जागा परत पाहिजे. साहेबानं बुटाचं टोक पोशाच्या पोटरीवर मारलं. जोरात नाही, कुत्र्याला बाजूला सारतात तसं. पुढच्या मारापेक्षा तेच पोशाच्या जास्त लक्षात राहिलं.

घरी ठकीनं पोटरीला पाला बांधला. तिची बोटं त्या दिवसांत उगाच गार लागायची.

रविवारी पाहुणे आले. काठावर खुर्च्या मांडल्या, मडमांच्या छत्र्या उघडल्या. ठाकरवाडीची बायामाणसं लांब जांभळीखाली बसली. नागूनं हँडल मारलं, इंजिन बोंबललं, निळा धूर पाण्यावर पसरला. वाघ्या मागच्या फळीवर बसला होता, डोक्याला नवं फडकं बांधून. साहेब फळ्या अडकवून उथळ पाण्यात उकिडवा झाला. दोर पाण्यावर तरंगत होता.

पोशा जांभळीखालून उठला तेव्हा ठकीनं त्याचं धोतर धरलं.

"कुटं चाललास?"

त्यानं धोतर सोडवून घेतलं. ठकी काहीतरी म्हणाली, पण इंजिनाच्या आवाजात ते त्याला ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं असतं तरी तो थांबला नसता. कमरेचा कोयता काढून तो पाण्यात शिरला. वाडीत वळलेला दोर कुणी कापत नाही. उकलतात, पुन्हा वळतात. पोशानं बोटीपासून दोन वावांवर दोर डाव्या हातात धरला आणि कोयता मारला. एका घावात तुटला नाही. तीन घाव लागले. तिसऱ्याला दोर सुटला आणि नागू बोटीतून उडी मारून त्याच्या अंगावर आला.

मग जे झालं ते पाहुण्यांनी खुर्च्यांत बसून पाहिलं. साहेबानं पायातली एक फळी काढली आणि तिची कड पोशाच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज जांभळीपर्यंत आला. गजानं काठी चालवली. नागूनं त्याचं डोकं पाण्यात दाबलं, वर काढलं, पुन्हा दाबलं. एक मडम उठून उभी राहिली, पण तिचा नवरा काहीतरी म्हणाला आणि ती बसली. पोशाला ओढत नेऊन त्याच्याच फेट्यानं जांभळीला बांधला. तोंडातलं रक्त गिळत तो बोटीकडे पाहत राहिला. वाघ्या फळीवरच बसून होता. त्यानं मान फिरवली होती.

दुसरा दोर नव्हता. नागूनं कापलेली दोन टोकं एकत्र आणली आणि गाठ मारली. लोखंडाचं काम करणाऱ्या माणसानं मारावी तशी गाठ, मोठी आणि बिनकामाची. पोशाला ती झाडापासून दिसली.

"वाघ्या! ही गाठ टिकायची नाय! उतर, वाघ्या!"

गजानं त्याच्या तोंडावर काठी आडवी मारली.

बोट सुटली. साहेब उठला. पहिला ओंडका डावीकडून, दुसरा उजवीकडून, पाण्याची भिंत उसळली आणि खुर्च्यांवरून टाळ्या वाजल्या. तिसऱ्याला साहेबानं अंगठा वर केला. वाघ्या ओरडला. नागूनं इंजिन वाढवलं. चौथ्या ओंडक्याला साहेब पार आडवा होऊन वळला, सगळं अंग दोरावर टाकलं.

आवाज लहानसाच झाला आणि दोराचं टोक मागं आलं. वाघ्या दोन्ही हातांनी तोंड झाकून बोटीच्या बुडाशी कोसळला आणि किंचाळला. ती किंचाळी इंजिन बंद पडल्यावरही बराच वेळ तळ्यावर होती.

त्याला काठावर आणला तेव्हा डावा डोळा नव्हता. त्या जागी जे होतं त्यावर ठकीनं आपला पदर फाडून दाबला. साहेब ओला, पांढराफटक, फळ्या हातात घेऊन उभा. त्याच्या तोंडून शब्द फुटायच्या आतच नागू बोलायला लागला. आधी वाडीकडे तोंड करून, मग साहेबाकडे, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. दोर वाळला होता. हा पोशा सांगत होता, चार दिवस सांगत होता. पुस्तकाप्रमाणे वाळवला, पण हा रानातला दोर निराळा, त्याला काय ठाऊक. गाठीचं नाव त्यानं काढलं नाही. साहेबानं मान खाली घातली, स्वतः जांभळीपाशी आला आणि पोशाचा फेटा सोडला. नागूनं अर्थ सांगितला: साहेब म्हणतात तू खरा, साहेबांना वाईट वाटतं, तुझी जागा तुझीच.

वाडीतली म्हातारी माणसं माना हलवत होती. पोशानं सांगितलं होतं. पोशाला कळत होतं. भावासाठी मार खाल्ला.

वाघ्याला कर्जतच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपेपर्यंत शेडमध्ये खाटेवर निजवला. पोशा मोडका खांदा धरून बोटीपाशी गेला. दोर बुडाशी पडला होता, रक्तानं माखलेला. त्यानं टोक उचललं. कोयत्यानं कापलेलं टोक तसंच होतं, तिन्ही घावांच्या खुणांसकट. दोर कुठंच तुटला नव्हता. गाठ सुटली होती. त्यानं दोराचा पीळ एका हातानं उलगडला, पेड पायाखाली धरून दुमडला, अगदी चिमटीत येईल एवढा दुमडला. एकही धागा मोडला नाही. साल अशी नरम, जशी कालच ओढ्यातून काढलेली.

त्यानं वर पाहिलं. ठकी काठावर उभी होती, पदर नसलेली, हात रक्तानं भरलेले.

"कवा?"

"दुपारी. पानी भरायला यायची तवा. गजा जेवून झोपायचा." ती दोराकडे पाहत म्हणाली. "रोज दोन घागरी वतायची. पयल्या खेपंला वल्लं फडकं गुंडाळायची, दुसऱ्या खेपंला काढायची. तुला शिवायचं नाय म्हनले व्हते. मला कोन काय म्हनलं नव्हतं."

"मला का नाय सांगितलंस?"

"तू मंग नागूला तोंडावर सांगितलं असतंस. दोर नरम ठेवलाय म्हनून. आनि परत मार खाल्ला असतास." ती थांबली. "मगाशी धोतर धरून तेच सांगत व्हते. तू आयकलं नाय."

पोशानं दोर खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला.

शेडमध्ये वाघ्या जागा होता. अर्ध्या चेहऱ्यावर फडकी, उरलेल्या अर्ध्यावर घामाचे थेंब. वाडीची चार माणसं दाराशी उभी होती. पोशाला पाहून त्यांनी आदरानं वाट दिली. ठकी त्याच्या मागोमाग आत आली आणि उशाशी बसली.

"दादा," वाघ्या म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू आलास?"

"आलो."

"म्या तुला वंगाळ बोललो."

"ऱ्हाऊ दे."

"दोर वाळलाच व्हता ना रं? तू म्हनालास तसाच?"

ठकीनं पोशाकडे पाहिलं नाही. तिनं वाघ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि दाराशी उभ्या माणसांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "व्हय रं बाबा. वाळलाच व्हता."

दाराशी कुणीतरी उसासा टाकला. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या. गाडी जुंपली होती.

"नाय," पोशा म्हणाला. "वाळला नव्हता."

ठकीचा हात कपाळावर थांबला.

पोशा वाघ्याच्या डाव्या बाजूला उभा होता. तिथून वाघ्याला तो दिसत नव्हता. मोडका खांदा सांभाळत तो खाटेला वळसा घालून उजव्या बाजूला आला, जिकडं डोळा होता तिकडं, आणि भावाला आपलं तोंड दिसेल असा जमिनीवर बसला.