वरचं पाणी

माशांच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्याच्या घनतेचा काटा १.०२९ वर थांबला होता. सव्वा महिन्यापूर्वी टाकी भरली तेव्हा तो १.०२५ वर होता. वसुधाने मापक धुतलं, पुन्हा बुडवलं. तेवढाच.

"अहो, वरून कुठलं पाणी घालताय?"

"पातळी उतरली की खाऱ्या बादलीतलं," पेपरामागून गोपीनाथ म्हणाले. "समुद्राला समुद्राचंच नको?"

"पाणी उडतं, मीठ नाही उडत. साधं घालायचं! तीस वर्षं बॉयलरचं पाणी तपासणाऱ्या बाईचे नवरे तुम्ही."

"मी फाउंड्रीतला. आणि देवगडचा. आमच्याकडे समुद्राचं मीठ कोणी मोजत नाही."

आलंच देवगड. ते चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता या महिनाअखेरीस ती. मग दोन महिन्यांत कारखान्याचं क्वार्टर सोडायचं. देवगडच्या घराच्या खिडक्यांची मापं त्यांनी सुताराला कळवूनही टाकली होती. इथे भोपाळमध्येच, अवधपुरीतला एक फ्लॅट ती कारखान्यातून परतताना दोनदा पाहून आली होती, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. विषय निघाला की ती म्हणे, "आधी मासे सोडू, मग बघू." आणि मासे आणायचे म्हटलं की, "पाणी अजून तयार नाही."

तिने टाकीतलं दोन तांबे खारं पाणी काढलं, तेवढंच फिल्टरचं साधं पाणी हळूहळू ओतलं. परीक्षानळीत टाकीतलं थोडं पाणी घेऊन अमोनिया तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. पाच मिनिटं थांबायचं होतं. ती खिडकीपाशी गेली, परत आली. पुसलेली काच पुन्हा पुसली. घड्याळ पाहिलं. दोनच मिनिटं झाली होती.

नळी पिवळीच राहिली, म्हणजे अमोनिया नाही. माशांना मारणारं नायट्राइटही नाही. सलग तिसरा आठवडा.

"शून्य?" गोपीनाथ उठून आले.

"शून्य."

"मग आता काय सबब?" ते हसले. टाकीतल्या रिकाम्या खडकांकडे वाकून पाहत राहिले. "आणू या क्लाउनफिशची जोडी. पण वसू, दोन-तीन महिन्यांनी हे सगळं ट्रकमधून देवगडला? समुद्राच्या दारात समुद्र घेऊन जायचा? लोक हसतील गं."

वसुधाने साध्या पाण्याचा कॅन त्यांच्या हातात दिला. तिचे हात ओले होते. ते तिने पदराला पुसले नाहीत.

"टाकी देवगडला नाही न्यायची," ती म्हणाली. "अवधपुरीपर्यंतच न्यायची आहे. मी तिथे घर पाहिलंय. मी भोपाळ सोडणार नाही."