लाल नळी, हिरवी नळी

"एक सात नंबरवरचे मामा आणि दुसरा तेरा नंबरवाला," धाकटे मालक टेबलाच्या काचेकडे बघत म्हणाले. "महिनाअखेरीला ह्या दोघा ड्रायव्हरांना कमी करावं लागणार. पेट्रोल परवडत नाही, काकू. तुमचं सगळे ऐकतात, तेव्हा तुम्हीच त्यांच्या कानावर घाला."

काकूने हातातलं ओलं फडकं झटकलं आणि खिडकीच्या गजावर वाळत घातलं. मालकासमोर बसायचं नाही ही तिची रीत. पण उभ्याने ऐकवायचं नाही, असं तिने कुणाला कबूल केलेलं नव्हतं.

"वाईट बातमी सांगायला काकू, आणि पगारवाढ सांगायला तुम्ही. वा!" ती म्हणाली. "पेट्रोल परवडत नाही, की लाल नळी परवडत नाही?"

दवाखान्यांच्या चादरी धुणारी ही लॉन्ड्री. तिच्या चौदा व्हॅन. काकू सव्वीस वर्षं त्या व्हॅन धूत होती. रोज सकाळी ड्रायव्हरांना पेट्रोलची चिठ्ठी द्यायची आणि समोरच्या पंपावर उभं राहून टाक्या भरून घ्यायच्या, हेही तिचंच काम. शाळा दुसरीपर्यंत झालेली. अक्षरांशी तिचं फारसं जमलं नाही, पण आकडा एकदा डोळ्यांखालून गेला की तो तिच्या बापाचा.

पंपावर दोन नळ्या. हिरवी साध्या पेट्रोलची, लाल महागाची. लॉन्ड्रीच्या गाडीला लालच लागायची. थोरल्या मालकांच्या वेळी एक जुनाट ट्रक होता. साधं पेट्रोल घातलं की चढावर त्याचं इंजिन डब्यात खडे हलवल्यासारखं वाजायचं. थोरल्यांनी फर्मान काढलं, आपल्या गाड्यांच्या पोटात हलकं काही जाणार नाही. पुढे ट्रक भंगारात गेला, थोरले देवाघरी गेले, फर्मान मात्र ठणठणीत राहिलं.

काकूच्या डोक्यात किडा वळवळला तो महिन्यापूर्वी. पंपावर नळ्यांना नवे आकडे चिकटवले होते. हिरवीवर ९१, लालवर ९५. हे आकडे कुठे पाहिलेत? पेट्रोलच्या झाकणाची झडप उघडली की आतल्या बाजूला! सव्वीस वर्षं ती तिथली धूळ पुसत होती. त्याच दिवशी तिने चौदाही झडपा उघडून पाहिल्या. बारा गाड्यांवर ९१. फक्त दोन नव्या, बुटक्या गाड्यांवर ९५.

पंपावरच्या मुलीला तिने सरळ विचारलं, "काय गं, पंच्याण्णवमध्ये चार आणे ताकद जास्त असते का?"

मुलगी हसली. "ताकदीचा आकडा नाही तो, काकू. ऑक्टेन म्हणतात त्याला. इंजिनात दाब पडला की काही पेट्रोल वेळेआधीच भडकतं, मग टकटक वाजतं. आकडा मोठा, तर दाब सोसायची तयारी जास्त. ज्या इंजिनाला एक्क्याण्णव पुरतं, त्याला वरचं घालून काय फायदा?"

"म्हणजे धीराचं पेट्रोल म्हण की! आणि जिथे दाबच नाही, तिथे धीर विकत घेऊन काय लोणचं घालायचंय?"

हे सगळं आता तिने मालकांना ऐकवलं. मालकांनी कपाळ चोळलं. "बाबांचा नियम होता, काकू. आणि इंजिनं बसली तर?"

"बसली तर तिसरं नाव माझं घाला. दोन आठवडे द्या. तोवर त्या दोघांना एक अक्षर बोलायचं नाही."

मालकांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. लहानपणी ह्याच बाईने आपल्याला गाडीच्या चाकाखालून ओढून काढलं होतं, हे ते विसरले नसावेत. "दोन आठवडे," ते म्हणाले.

सात नंबर आणि आठ नंबर जुळ्या गाड्या, एकाच वर्षाच्या. दवाखानेही रोजचेच ठरलेले. पहिल्या आठवड्यात सातला हिरवी, आठला लाल, दुसऱ्यात उलट. नळी खट् करून आपोआप थांबली की बस्स, वर एक थेंब नाही. टाकी भरताना ड्रायव्हरांना तिने चहाला पिटाळलं. कुठलं पेट्रोल गेलं ते तिला आणि पंपावरच्या मुलीला ठाऊक.

पण मामाला वास लागलाच. पहिल्या शनिवारी तो अंगणाच्या मध्यभागी उभा राहून गरजला, "काकू, तुमचे प्रयोग बंद करा! तुम्ही म्हणे काहीबाही पाजताय गाड्यांना. माझ्या सातला नाही हं चालायचं! तीस वर्षं स्टिअरिंग धरलंय. ही बघा, लोण्यासारखी चाललीय आठवडाभर. ह्याला म्हणतात लाल पेट्रोल!"

"खरंय मामा. तुमचा पाय म्हणजे वजनकाटाच."

पंपावरच्या मुलीने तोंडाला ओढणी लावली. पुढच्या शनिवारी मामाची कुरकुर सुरू झाली. गाडी जड झालीय, काकूने नक्की पाणी पाजलंय. त्या आठवड्यात सातच्या पोटात लाल होतं.

सोमवारी मालकांनी किलोमीटर आणि लिटर मांडले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. लिटरला पडलेलं अंतर दोन्ही आठवडे जवळजवळ सारखंच. इंजिन कुठे वाजलं नाही, कुठे तापलं नाही. मग त्यांनी बारा गाड्यांचा वर्षाचा फरक काढला आणि खुर्चीत मागे टेकले.

"दोघांचे पगार निघून वर उरतंय, काकू." लगेच त्यांचे डोळे लकाकले. "मग चौदाही हिरव्यावरच घेऊ ना!"

"थांब!" काकूच्या तोंडून अरेतुरे निसटलं, आणि तिने ते परत घेतलंही नाही. "त्या दोन बुटक्यांच्या झडपेवर पंच्याण्णव लिहिलंय. त्यांना लालच. फुकट जात होतं ते थांबवलं मी. म्हणून ज्याचं त्याला द्यायचं नाही असं कुठे म्हटलं? तुझ्या बाबांचं चुकलं ते एवढंच, सगळ्यांना एका मापाने मोजलं."

मालकांनी मान डोलावली. ड्रॉवरमधून दोन नावांचा कागद काढून त्यांनी तो तिच्यापुढे धरला. काकूने त्याचे चार तुकडे केले, मग आठ, आणि पदराच्या गाठीत बांधले. इथल्या टोपलीवर तिचा भरवसा नव्हता. झाडणाऱ्याला वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपावर रांग लागली. कुठल्या आठवड्यात कुठली नळी होती, ही बातमी फुटली होती. मामाची गाडी पुढे आली. मागचे ड्रायव्हर खिडक्यांतून माना काढून बसलेले.

मामा पुटपुटला, "हिरवी."

"काय म्हणालात? कानात साबण गेलाय माझ्या."

"हिरवी, हिरवी! लोण्यासारखी चालते ती हिरवी! झालं समाधान?"

रांगेत हशा पिकला. तेरा नंबरवाल्याने तर हॉर्नच वाजवला.

नळी खट् करून थांबली. मामाने झाकण लावलं, पण गाडीत बसेना. "एक सांगा काकू. एवढा आटापिटा कशासाठी केलात? तुमच्या खिशात काय पडलं?"

काकूने त्याच्याकडे पाहिलं. कॉलर विटलेली, पण इस्त्री कडक. ह्या माणसाला दोन आठवड्यांपूर्वी घरी बसवणार होते, आणि ते त्याला सांगायचं काम तिच्याकडे दिलं होतं.

"तुमची जिरवायची होती," ती म्हणाली. "निघा आता, दवाखाना खोळंबलाय."

मामा बडबडत गाडीत चढला. सात नंबर धुतलेल्या चादरी घेऊन फाटकाबाहेर पडली आणि वळणावर त्याने ऐटीत, कोपरापासून अख्खा हात बाहेर काढून खूण केली. काकू गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग पुढच्या गाडीची झडप उघडून तिने आतला आकडा पुसला.