फश्तावर अडकलेली मुनीरा

मित्रांनो, बहरीनमधल्या हिद्दच्या किनाऱ्यावर गंजलेल्या साखळ्यांच्या ढिगाशेजारी एका कुशीवर कलंडलेली जुनी लाकडी लाँच दिसते ना, ती मी. माझं नाव मुनीरा. येणारेजाणारे मला भंगार म्हणतात. म्हणोत बापडे. माझी हकिगत ऐकली तर तुम्ही तरी तसं म्हणणार नाही.

माझा जन्म मुहर्रकचा, पण हाडं हिंदुस्थानची. मलबारचं सागवान जहाजातून बहरीनला आलं आणि चार म्हाताऱ्या सुतारांनी कागदावर एक रेघही न ओढता, नुसत्या नजरेच्या मापाने मला घडवलं. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकला, अंगाला माशाचं तेल चोळलं. पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा किनाऱ्यावरची माणसं म्हणाली होती, "माशाल्ला!" ते ऐकून मी फुशारले होते, हे मी लपवत नाही. तरुणपणी स्तुती कुणाला नको असते?

पुढची तीस वर्षं मी मासेमारी केली. मग फायबरच्या हलक्या, वेगवान होड्या आल्या आणि माझ्या मालकाचं, म्हणजे आमच्या अरबाबचं, माझ्यावरचं लक्ष उडालं. मला धक्क्याला बांधून ठेवलं. रंग उडाला, तळाला शेवाळ धरलं. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय!

अशा वेळी माझ्या आयुष्यात ताहिरभाई आले. हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळचे. वडील गलबतावर तांडेल होते, पण ताहिरभाई स्वतः पंधरा वर्षं मनामातल्या नईम भागात एका दुकानात कारकून. आठवडाभर पावत्या फाडायच्या आणि शुक्रवारी सुटी मिळाली की धक्क्यावर येऊन समुद्राकडे बघत बसायचं, एवढाच त्यांचा विरंगुळा. एकदा त्यांनी अरबाबना विचारलं, "शुक्रवारपुरती ही लाँच मला चालवायला द्याल का? मी तिची देखभाल करीन." अरबाब म्हणाले, "खलास, घेऊन जा."

ताहिरभाईंनी मला खरवडून काढलं, तेल दिलं, नवा भोंगा बसवला. त्यांची बायको अख्तरुन्निसा आणि तेरा वर्षांची मुलगी लाईबा ओळखीच्यांना घेऊन यायच्या, आणि आम्ही बंदराच्या खोल पाण्यात फेरी मारून परत यायचो. तिथे भरती असो की ओहोटी, मला काही फरक पडत नसे. मी पुन्हा कुणाच्या तरी उपयोगाची झाले होते, आणि त्या माणसावर माझा फार जीव जडला होता.

१९९६ सालच्या वसंतात दत्तप्रसाद नावाचे पुण्याचे एक इंजिनीयर आमच्याकडे आले. हूरा भागात राहायचे. त्यांचं म्हणणं असं, की इथली आपली मुलं एसीत वाढतात, समुद्रातल्या बेटावर राहून त्यांना समुद्र माहीत नाही. त्यांना उत्तरेच्या फश्तावर न्यायचं. फश्त म्हणजे भर समुद्रातला मैलोन् मैल पसरलेला उथळ भाग. ओहोटीला तिथे वाळूचे दांडे उघडे पडतात, प्रवाळ दिसतं, मोत्यांचे शिंपले दिसतात, पक्षी उतरतात. माणसाची वस्ती नाही. दत्तप्रसादांनी मुलांसाठी वह्या शिवून घेतल्या होत्या आणि प्रत्येक वहीत पंचवीस प्रश्न लिहिले होते. मला त्यांचं कौतुक वाटलं.

मी तोवर फश्ताच्या कडेकडेने पुष्कळ हिंडले होते, पण ताहिरभाई तिथे कधीच गेले नव्हते. दत्तप्रसादांनी विचारलं, "ताहिरभाई, पाण्याच्या वेळा कशा कळणार?"

ताहिरभाई हसले. "दत्तासाहेब, तांडेलाच्या पोराला पाणी विचारता? चांदाची तारीख घ्या, तिची पाऊणपट करा. झाली भरतीची वेळ. त्या शुक्रवारी चांद सातवा. साताची पाऊणपट सव्वापाच. सव्वापाचला भरती, म्हणजे अकराला पुरी सुकती. अकरापर्यंत पाणी उतरतच जाणार. माझ्या बापाचा हिशोब उभ्या आयुष्यात चुकला नाही."

खरंच चुकला नव्हता, मित्रांनो. पण तो हिशोब दाभोळच्या खाडीचा होता. चंद्र सगळीकडे एकच असला तरी पाणी सगळीकडे एकाच वेळी चढत नाही. इथल्या पाण्याच्या वेळांचा छापील तक्ता बंदराच्या भिंतीवर लावलेला होता. तो बघायला पाच मिनिटं लागली असती.

शुक्रवारी पहाटे, फजरची नमाज आटोपल्यावर, मुलं धक्क्यावर जमली. एकंदर नऊ जण. लाईबा सगळ्यांत मोठी आणि दत्तप्रसादांची आर्या, आठ वर्षांची, जवळजवळ सगळ्यांत लहान. बाजूलाच बू जासिम आपली छोटी फायबरची होडी सोडत होता. बू जासिम म्हणजे जासिमचे वडील. इथे थोरांना अशीच हाक मारतात. हा म्हातारा पन्नास वर्षं फश्ताजवळ मासे धरत आला होता.

"किधर, सदीक?" त्याने विचारलं. सदीक म्हणजे मित्र.

"फश्त," ताहिरभाई म्हणाले.

"फश्त? आज पानी..."

"मालूम, मालूम. यल्ला, बच्चे लोग बैठ गए!" ताहिरभाईंनी त्याला हात केला आणि इंजिन सुरू केलं. दत्तप्रसादांनी म्हाताऱ्याकडे एकदा वळून पाहिलं आणि मुलांना वह्या वाटायला घेतल्या.

सकाळ फार सुरेख होती. मुलं माझ्या कठड्याला चिकटून पाणकावळे मोजत होती. सात वाजता आम्ही फश्तावर पोचलो. पाणी उतरत होतं. ताहिरभाईंनी मला मुद्दामच उथळावर नेऊन टेकवलं, म्हणजे मुलांना उतरायला सोपं जावं. आमच्या कोकणात होड्या अशाच टेकवतात, असं त्यांनी दत्तप्रसादांना अभिमानाने सांगितलं. हळूहळू पाणी माझ्या खालून निघून गेलं आणि मी एका बाजूला कलले.

साडेआठला तीनशे पावलांवर वाळूचा एक लांब दांडा उघडा पडला. मधे गुडघाभर पाण्याचा चर होता. मुलं चपला हातात घेऊन, ओरडत, एकमेकांवर पाणी उडवत पलीकडे गेली. सोबत दत्तप्रसाद. बाकाखालची सहा लाइफ जॅकेटं तिथेच राहिली. पायी जायचंय तर जॅकेट कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं. "साडेदहापर्यंत या," ताहिरभाई म्हणाले, आणि टोपी डोळ्यांवर ओढून सावलीत आडवे झाले.

आता नीट ऐका. मी उंचावर टेकले होते आणि मुलं होती तो दांडा सखल होता. पाणी परत आलं तर आधी चर भरणार, मग दांडा बुडणार, आणि मी तरंगणार सगळ्यांत शेवटी.

नऊ वाजता पाणी वळलं.

मला ते लगेच कळलं. माझ्या सुकाणाच्या टोकाला ओल लागली. पस्तीस वर्षं पाण्यात काढलेल्या लाकडाला एवढं समजणार नाही? मी ओरडले असते, ताहिरभाईंना गदागदा हलवलं असतं. पण मी लाकूड. नांगराची दोरी ढिली होऊन पाण्यावर वळवळू लागली. तिकडे बघायला कुणी जागं नव्हतं.

दहा वाजता लाट माझ्या फळीवर आपटली आणि ताहिरभाई उठून बसले. त्यांनी चराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा चराकडे पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"लाईबाऽऽ! परत या!" ते ओरडले. पण शमालचा वारा उत्तरेकडून येत होता. त्यांचा आवाज त्यांच्याच तोंडावर परत येत होता. मग त्यांनी भोंगा वाजवला. एकदा, दोनदा, दहादा. तिकडे मुलांनी माना वर केल्या आणि आनंदाने हात हलवले! त्यांना वाटलं, ताहिर अंकल गंमत करताहेत. दत्तप्रसादांनीही हात हलवला आणि मनगटावरचं घड्याळ बघून पुन्हा मुलांबरोबर खाली वाकले. अकरापर्यंत पाणी उतरणार, असं त्यांना सांगितलेलं होतं ना!

ताहिरभाईंनी सहाही जॅकेटं दोरीत बांधली आणि पाण्यात उडी घेतली. चराच्या मधोमध ओढ एवढी होती, की ते तिरके वाहत जाताना मला दिसले. दोन जॅकेटं सुटून गेली. चार घेऊन ते कसेबसे पलीकडे पोचले. चार जॅकेटं आणि नऊ मुलं.

आणि इकडे मी एकटी. माझ्यावर चिटपाखरूसुद्धा नव्हतं. पाणी इंचाइंचाने माझ्या अंगावर चढत होतं आणि मी मनात म्हणत होते, लवकर चढ बाई, लवकर चढ. मग लक्षात यायचं, की मी तरंगेन तोवर ते पाणी मुलांच्या डोक्यावरून गेलेलं असेल. मग म्हणायचे, नको, चढू नको. मित्रांनो, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. आणि समजा मी तरंगले असते, तरी मला चालवणार कोण होतं?

दांडा दिसेनासा झाला. नुसती माणसं दिसत होती, समुद्राच्या मध्यावर उभी असलेली. पाणी लाईबाच्या कमरेला लागलं. लहानग्या चौघांना जॅकेटं चढवली होती. आर्याला मात्र दत्तप्रसादांनी खांद्यावर घेतलं होतं. दुसऱ्यांची मुलं आधी, असं त्यांनी ठरवलं होतं.

तेवढ्यात पूर्वेकडून इंजिनाचा आवाज आला. बू जासिम. खोल पाण्यात तो आपले गरगूर, म्हणजे माशांचे तारेचे पिंजरे, उपसत होता. वारा त्याच्या बाजूचा नव्हता, पण माझा भोंगा त्याच्या कानावर पुसटसा गेला होता. टेकलेल्या लाँचला भोंगा वाजवायचं कारण काय, हे त्याला सांगावं लागलं नाही.

त्याच्या होडीत एका वेळी पाचच मुलं मावत होती.

"लाईबा, चढ!" ताहिरभाई ओरडले.

"नो अब्बा, छोट्यांना आधी," ती म्हणाली.

दत्तप्रसादांनीही आर्याला पुढे केलं नाही. पाच मुलं आली. बू जासिमने त्यांना एकेक करून माझ्यावर चढवलं आणि होडी वळवली. ती ओली, थरथरणारी पावलं माझ्या फळ्यांना लागली तेव्हा मला रडू आलं असतं, येत असतं तर.

होडी परत जात असतानाच मोठी लाट आली. दत्तप्रसाद पडले आणि आर्या पाण्याखाली गेली. मला ती दिसेना. लाईबाने बुडी मारली, तीही दिसेना. किती वेळ, मला सांगता येत नाही. मग लाईबाचं डोकं वर आलं. तिच्या मुठीत आर्याची वेणी होती.

सगळे वाचले. बू जासिमने आर्याला पालथं घालून पाणी काढलं आणि सगळ्यांना माझ्यावर आणून सोडलं. मग तो ताहिरभाईंसमोर उभा राहिला. रागावला नाही. फक्त म्हणाला, "सुबह बोलता था मैं. नौ बजे पानी वापस. तुम सुना मफी." त्याचं बोलणं अगदी खरं होतं. त्यांनी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर अरबाबनी किल्ली परत घेतली. दत्तप्रसादांच्या सहली बंद झाल्या. आर्या महिनाभर आंघोळीच्या बादलीलाही घाबरायची. ताहिरभाई बाकीच्या आठही मुलांच्या घरी माफी मागायला गेले. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं, कारण मला हिद्दला ओढून आणल्यावरही ते कधीमधी येऊन माझ्याशेजारी बसत. सात घरांत त्यांना चहा मिळाला. आर्याच्या आईने, सुरेखाताईंनी, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "भाई, पोरगी परत मिळाली, मी तुम्हाला दोष देणार नाही. पण तो म्हातारा बोलत होता, त्याचं एक वाक्य तुम्हा दोघांना ऐकवेना?" दत्तप्रसाद तिथेच बसले होते.

मित्रांनो, मला रंग लावा, डांबर लावा, असं मी तुमच्यापाशी मागत नाही. माझं वय झालं. एवढंच मागते, की परक्या पाण्यात उतरताना तिथल्या माणसाला विचारा. आणि तो न विचारता सांगायला आला, तर त्याचं बोलणं पुरं होऊ द्या. आपल्या वाडवडलांचं शहाणपण खोटं नसतं, पण ते त्यांच्या पाण्याचं असतं.

गेल्या वर्षी ताहिरभाई अख्तरुन्निसाला घेऊन आले. व्हिसा संपवून ते कायमचे दाभोळला निघाले होते. त्यांनी माझ्या फळीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "मुनीरा, तुला तरी कळलं होतं का गं?"

मी होतं नव्हतं ते बळ एकवटलं. हो, कळलं होतं, नऊ वाजताच कळलं होतं, मला सांगता आलं नाही, एवढं सगळं मला बोलायचं होतं. माझी एक फळी करकरली.

ताहिरभाई चमकले. "काय वाजलं गे?"

"ऊन तापलंय," अख्तरुन्निसा म्हणाली. "लाकूड वाजतं उन्हात. चला, विमानाची वेळ होईल."

आणि ते गेले.