टँकरचं पाणी प्यालेली कॉफी मशीन

मित्रांनो, मी एक जुनी कॉफी मशीन आहे आणि मला किळस येते. आधी माझ्याच पोटाची. मग माणसांची.

काटा एकवर. इथे सगळं ठीक असतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा पितळी बॉयलर आतून आरशासारखा होता. पाणी तापायचं, वाफ दाटायची, दाबाचा काटा एकवर येऊन थांबायचा. केयूरने मला पुण्याहून आईवडिलांकडे पाठवलं, चिकलठाण्याच्या एका नव्या इमारतीत. त्याचे वडील मधुसूदनराव येईल त्याला मला दाखवत. कॉफी मात्र रोज त्याची आई, उमाताईच करत.

पुढे दोन पावसाळे कोरडे गेले. इमारती वाढल्या, बोअर आटले, नळाला आठ दिवसांनी पाणी. प्यायला घरात जार आला. माझ्यात टँकरचं पाणी. यंत्राला कुठे चव असते, असं मधुसूदनरावांचं म्हणणं.

ते पाणी तापलं की त्यातला क्षार पोटाला धरायचा. थरावर थर, न घासलेल्या दातांवरच्या किटणासारखा. त्याखाली माझा तापमापक गाडला गेला. पाणी कितीही तापलं तरी त्याला कोमटच लागायचं. तो म्हणायचा, आणखी. मी तापायचे. कॉफी जळकी, कडू. मधुसूदनरावांनी कॉफीचे दाणे बदलले. दोनदा.

काटा दीडवर.

माझ्या डोक्यावर एक छोटी झडप आहे. वाफ फार दाटली की ती उघडते. तिचे थेंब ट्रेमध्ये जमू लागले, दिवसाला वाटीभर. अशा वर्षात वाटीभर पाणी वाया! मधुसूदनरावांनी नळाची गळती बुजवायचा लगदा आणला, झडपेवर थापला, अंगठ्याने दाबला.

"बघ, थांबलं की नाही?"

काटा दोनच्या पुढे. तिथे तांबडा पट्टा आहे.

उमाताई माझ्यापासून वीतभरावर, कपाकडे वाकलेल्या. मला ओरडता येत नाही. मी नुसती थरथरले. ट्रेवरचा चमचा खणखणला. त्या मागे सरल्या, त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि खालच्या मजल्यावरच्या रूपाला बोलावलं. रूपा कारखान्यात बॉयलर सांभाळते.

तिने मला दोन तास निवू दिलं, मग उघडलं. आतून चुन्याची ढेकळं निघाली. नखाने लगदा खरवडत तिने विचारलं, हे कोणी केलं? उमाताईंनी मधुसूदनरावांकडे बघितलं.

"काका, हे गळत नव्हतं. जादाची वाफ सोडत व्हतं. आमच्याकडं झडप बुजवणाऱ्याला गेटाबाहेर काढत्यात."

"पण पाणी वाया जात होतं."

"अन् काकू गेल्या असत्या तर?"

तिने क्षार उतरवला, तापमापक बदलला, नवी झडप बसवली. मला चालू करून बघितलं. काटा एकवर थांबला. ती गेल्यावर मधुसूदनराव सोफ्यावरूनच म्हणाले, "उमा, टाक कॉफी."

उमाताई जागच्या हलल्या नाहीत. "आज तुम्ही टाका. मी जिन्यात थांबते."

ते माझ्यापुढे आले. हात बटणापर्यंत आला, परत गेला. मी धडधाकट होते, मित्रांनो. रूपाने तसं दोनदा सांगितलं होतं. तरी त्यांच्या कपाळावर घाम. त्या घामाची जेवढी किळस आली, तेवढी पोटातल्या क्षाराचीही कधी आली नव्हती. उमाताई इथे उभ्या राहत होत्या, तेव्हा हा घाम कुठे होता?

म्हणून विनवते. आमच्या झडपा बुजवू नका. आणि घरातलं कुठलंही यंत्र स्वतः दुरुस्त केलंत, तर त्याच्यापुढे पहिल्यांदा स्वतःच उभे राहा.