शिट्टी थांबली तेव्हा

मी श्वासनलिका बोलतेय. गळ्यातली मोठी नव्हे, ती आमची थोरली. मी खोल आत, फुप्फुसाच्या टोकाकडची, आगकाडीहूनही बारीक. नागपूरच्या महाल भागात पिठाची चक्की चालवणाऱ्या रुपरावच्या छातीत माझा जन्म झाला.

लहानपणी माझं अस्तर मखमलीसारखं होतं. त्यावरच्या पेशींना इवले इवले केस होते. शेतातल्या गव्हासारखे ते सगळे एका दिशेनं डुलत आणि आलेली धूळ वर ढकलून देत. रुपराव एकदा खाकरला, की काम फत्ते.

पुढं तो बापाच्या जागी चक्कीवर उभा राहिला आणि पीठ माझ्यापर्यंत येऊ लागलं. कितीकांना ते सोसतं. मला सोसलं नाही. ते आलं की रक्तातून राखणदार पेशी धावून येत. येत मदतीलाच, पण घुसखोराला मारता मारता घरच्या भिंतीही खरवडून काढत. अस्तरातल्या पेशी गळू लागल्या. चिकटा तयार करणाऱ्या पेशी मात्र वाढल्या. अस्तराखालचा पडदा जाड झाला. भोवतीचं स्नायूंचं कडं फुगलं आणि जराशा धुळीनं आवळू लागलं. त्या अरुंद वाटेतून हवा जाताना शिट्टी वाजे. लोक म्हणाले, रुपरावला दमा लागला.

तोंड मात्र त्याचं थांबलं नाही.

"माहे गहू बेसनाच्या दळणावर नको टाकू गा," शेजारच्या रंभाबाई बजावत.

"टाकतोच न काकू! काका म्हणतीन, आज बाईनं न सांगता पुरणपोई केली!"

शहात्तर साली दिवाळीच्या तोंडावर चकलीच्या भाजणीची गर्दी उसळली. रुपराव आठवडाभर धापा टाकत होता. एका दुपारी तो घरात येऊन भिंतीला टेकून बसला आणि थोड्या वेळानं शिट्टी थांबली.

चक्कीवाल्यांच्या घरात सगळं कानावर चालतं. घरघर बंद झाली, म्हणजे दळण झालं, आता विसावा. त्याच्या बायकोनं, सुमतीनं, छातीला कान लावला आणि तिचा चेहरा उजळला.

"थांबली वं काकू!"

"देव पावला," दारात आलेल्या रंभाबाई म्हणाल्या. "पडू दे त्याले जरासा."

मी आत तडफडत होते. अहो, शिट्टी वाजायलाही थोडी हवा लागते! माझ्या तोंडात चिकट्याचा बोळा बसला होता, कडं घट्ट आवळलं होतं. हे सांगायला आवाज कुठून आणू?

सुमती चहा घेऊन आली. खुशीत होती, म्हणून एरवी तो काढी ती माहेराची खोडी आज तिनंच काढली.

"घ्या जी. साखर टाकाची विसरली मी. काढा आता माह्या माहेराचं नाव!"

रुपरावनं तोंड उघडलं. "तु..." पुढचं अक्षर निघेना. त्याचे ओठ जांभळे दिसत होते.

सुमतीनं कप तिथंच खाली टेकवला.

"काकू, रिक्षा बोलवा! माहेराचं नाव काढलं, तरी हे काईच नाई बोलले!"

सायकलरिक्षानं त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. प्राणवायू लावला, सुया दिल्या. हळूहळू कडं सैल पडलं आणि माझ्यातून पुन्हा शिट्टी निघाली. सुमती रडायलाच लागली.

"रडू नका, बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाजू द्या. हवा जाते आहे."

आता मी पहिल्यासारखी राहिले नाही. गळलेलं अस्तर थोडंफार भरून आलं, पण तो जाड पडदा काही पातळ होईना. रुपराव नाकातोंडाला दुपट्टा बांधून चक्कीवर बसतो. बरं वाटलं की गोळ्या सोडायला पाहतो. सुमती सोडू देत नाही.

त्याच्या गप्पा हल्ली फार लांबतात. तुमच्या पिठाला उशीर होत असेल, तरी त्याला मध्येच तोडू नका. त्याचं एकेक वाक्य शेवटापर्यंत पोचवायला आत मी फार झटत असते.