दार कोणी उघडलं

“आता तुम्ही सांगा मावशी, नव्या ग्रंथालयात काय पाहिजे?”

ऐश्वर्याने खडू उचलून विचारलं तशी रुक्माबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले. हिंगोलीच्या या ग्रंथालयाची नवी इमारत व्हायची होती, आणि काय बांधायचं ते आधी गावालाच विचारू, असं या तरुण ग्रंथपाल बाईंनी ठरवलं होतं. रोज बातम्या लिहायचा फळा त्यासाठी दारात आणून ठेवला होता. परीक्षांना बसणाऱ्या पोरांनी एसी मागितला, पेन्शनर मंडळींनी चहाच्या आधी पेपर. एकाने दुपारी आडवं व्हायला खाट मागितली होती, आणि ऐश्वर्याने तीही इमानेइतबारे लिहून घेतली होती.

रुक्माबाई मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, हळद निवडायची. लग्नघरातले लोक दोन दिवस हळद मिरवतात, हिने ती जन्मभर मिरवली. बोटांत मुरलेला तो रंग कुठल्याच साबणाला दाद देत नसे.

तरुणपणी एकदा तिने इथूनच एक पुस्तक नेलं होतं. आटलेल्या नदीच्या पात्रातून पाणी शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट. मुलगी चालत चालत एका एकट्या घरापाशी येते आणि दार वाजवते. तिथवर वाचून झालं, आणि रुक्माबाईला पानापानावर आपल्याच बोटांचे पिवळे ठसे दिसले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी पुस्तक टेबलावर ठेवून ती जी पळाली, ती पुन्हा इकडे फिरकली नाही.

ते दार मात्र तिच्या मनात वाजत राहिलं. मोंढ्यात हळदीच्या ढिगापाशी शेजारी बसणाऱ्या भिकाबाईला तिने ही गोष्ट सांगितली होती. “मंग? दार कोनं उघडलं?” भिकाबाई विचारायची, आणि रुक्माबाई पुढचं मनानेच रचायची. कधी दारामागे नुसते दिवेच दिवे, कधी पांढऱ्या गाई पाणी पिताहेत, तर कधी मुलीची मेलेली आई चुलीपाशी भाकरी थापत बसलेली. हात आपोआप चालायचे, पिवळी धूळ उन्हात तरंगायची, आणि दोघी कयाधू नदीच्या कोरड्या वाळूतून त्या मुलीच्या मागे निघालेल्या असायच्या. मागच्या उन्हाळ्यात भिकाबाई गेली. “मंग?” विचारणारं कोणी उरलं नाही आणि गोष्ट दारातच अडली. खरं काय झालं ते एकदा कळावं, एवढ्यासाठी रुक्माबाई आज आली होती. पण त्या पुस्तकाचं नाव काढायची अजून लाज वाटत होती.

“दाराशी हात धुवाया नळ द्या,” ती म्हणाली. “अन् धुऊन बी न्हाई निघालं, तर पिवळं झालेलं चालंल असं एखांदं पुस्तक ठेवा.”

ऐश्वर्याचा खडू थांबला. सामान हलवायचं म्हणून ती काही दिवस जुनी, बाद करायची पुस्तकं वेगळी काढत होती. ती आत गेली आणि त्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक घेऊन आली. ही बोटं कोणाची असतील या विचाराने ते टाकवलं नव्हतं, असं म्हणाली.

रुक्माबाईने पानं उलटली. ठसे तिचेच होते. दार आलं. त्यापुढची पानं स्वच्छ असायला हवी होती, पण हळद तिथेही होती, पार शेवटच्या पानापर्यंत. आणि त्या पानांवर अंगठा अर्धाच उमटला होता. भिकाबाईचा अर्धा अंगठा कडबा कापायच्या यंत्रात गेला होता.

रात्रीच्या वर्गात सहीपुरतं शिकले, एवढंच भिकाबाई सांगायची. म्हणजे दार कोणी उघडलं ते तिला माहीत होतं. माहीत असूनही ती विचारत राहिली, आणि रुक्माबाई रोज नवं काही सांगायची तेव्हा मान हलवून म्हणायची, “बराबर. असंच झालं असंल.” रुक्माबाईला तिचा फार राग आला, आणि त्याहून फार माया आली.

घरी न्यायचं का, असं ऐश्वर्याने विचारलं. रुक्माबाईने नकारार्थी मान हलवली. ती पायरीवर बसली, शेजारी एका माणसापुरती जागा ठेवून. पुस्तक दारापाशी उघडलं, त्या अर्ध्या ठशावर आपला अंगठा ठेवला आणि हळूच म्हणाली,

“सांग भिके. मंग?”